गोणपाटाची खोली

यंदाही तो फॉर्म आला. शहरातल्या काही डॉक्टरांनी मिळून चालवलेली एक संस्था दरवर्षी वैद्यकीय विषयावर खरंखुरं संशोधन करणाऱ्या शाळकरी मुलांचा गौरव करते, त्याचा. वर शाळेचं नाव, मग विद्यार्थ्यांची नावं, मग विषय आणि चौथ्या रकान्यात 'मार्गदर्शक शिक्षक'. विज्ञान विभागप्रमुख म्हणून तो भरून पुढे पाठवायचं काम माझं. पहिले तीन रकाने भरले आणि पेनाला टोपण लावून बसून राहिलो.

त्या चौथ्या रकान्याशी माझं जुनं वैर आहे. त्यापायी पगारे मॅडमच्या बाबतीत मी जे केलं, ते आजवर एका माणसाशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. तो एक माणूस म्हणजे त्या स्वतः.

विमल पगारे मॅडम आमच्या सिडकोतल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला आल्या तेव्हा पन्नाशीच्या होत्या. मूळच्या नामपूरच्या. उंचीने बेताच्या, चालणं भरभर, खांद्याला कापडी पिशवी. आठवणीत ठेवायचं सगळं त्या पेनाने तळहातावर लिहीत. दुपारपर्यंत त्यांचा डावा हात निळा झालेला असे आणि त्याच हाताने त्या पोळी खात. कोणी हसलं तर म्हणत, "शाईच आहे, विष नाही." स्वतः हसायच्या तेव्हा शिंक आल्यासारख्या हसायच्या, एकदाच, आणि लगेच कामाला लागायच्या.

वर्गात त्यांची एक रीत होती. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर तिथल्या तिथे मिळालं नाही, तर तो प्रश्न त्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहीत, खाली विचारणाऱ्याचं नाव, भोवती चौकट. उत्तर सापडेपर्यंत तो पुसायचा नाही. कधीकधी एकेक प्रश्न पंधरा पंधरा दिवस तिथे बसून राही. पुढच्या तासाला मी भौतिकशास्त्र शिकवायला जाई, तेव्हा माझ्या आकृतीला जागा अपुरी पडायची. एकदा मी पुसला. वर्गातून "सऽऽर!" असा सूर निघाला, जसं काही मी कोणाचा डबा सांडला. दुसऱ्या दिवशी प्रश्न पुन्हा तिथेच होता, थोड्या लहान अक्षरात. मॅडम मला त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र ते लहान अक्षर दिवसभर टोचत राहिलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तेव्हा वीस वर्षं नोकरी झालेला शिक्षक. विज्ञान प्रदर्शन म्हणजे बोराडे सर, हे समीकरण. माझ्या कपाटावर ढालींची रांग होती. धूर सोडणारा ज्वालामुखी, पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन, पवनचक्की. मुलं बटण दाबत, पाहुणे माना डोलवत. ती मॉडेलं निम्मी मी करायचो, निम्मी मुलांचे वडील करायचे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही.

मॅडमचं वेगळंच. नववीच्या पालकसभेतली गोष्ट. साक्षी नावाच्या मुलीचे वडील आले होते. अंबडला एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. मी वर्गशिक्षक. विचारलं, "घरी अभ्यास करते का?" म्हणाले, "हो." विचारलं, "गणितात नापास का झाली?" म्हणाले, "हो, हो." मी मान हलवली आणि वहीत शेरा मारला, पालक उदासीन. शेजारच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. त्या उठल्या, माझ्याच हातातलं हजेरीपुस्तक घेतलं, स्वतःच्या तोंडासमोर धरलं आणि त्यामागून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, पाणी हवंय का?"

तो माणूस नुसता हजेरीपुस्तकाकडे बघत राहिला. हो म्हणायला त्याला ओठ दिसत नव्हते.

"उदासीन नाहीत हो सर," मॅडम मला म्हणाल्या, "ऐकू कमी येतंय." आणि साक्षीकडे वळल्या, "कधीपासून गं?"

साक्षीला ते माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "टीव्ही मोठा लावतात. आई भांडते त्यावरून." मागच्या बाकावरची आफरीन म्हणाली, "आमचे अब्बू पण. त्याच कंपनीत आहेत."

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न होता: 'ऐकू कमी यायला लागलं हे माणसाला स्वतःला कधी कळतं? – साक्षी, आफरीन.' तो दीड वर्ष तिथे राहिला. पोरी दहावीत गेल्या तेव्हा त्यांनी तो नव्या वर्गाच्या फळ्यावर लिहून घेतला.

संशोधनाला शांत खोली हवी होती. आमची शाळा रस्त्याला लागून. मॅडमनी प्रयोगशाळेमागची मोडक्या बाकांची खोली मागून घेतली. नामपूरला त्यांचा भाऊ कांद्याच्या मार्केटात आहे. त्याच्याकडून एसटीच्या टपावर जुन्या गोण्यांचे गठ्ठे आले. प्रयोगशाळेचा परिचर नामदेव आणि मॅडम दाभण-सुतळी घेऊन चार शनिवार त्या गोण्या शिवत बसले. भिंतीला दुहेरी गोणपाट, दाराला गोधडी. नामदेव सटाण्याकडचा. दोघं एकत्र आले की अहिराणी सुरू. तो त्यांना ताई म्हणायचा, त्या त्याला नामदेवभाऊ.

"ताई, कांदास्ना वास काही जात नही."

"जाऊ दे. कानले कोठे वास येस?" आणि ते एकच, शिंकेसारखं हसणं.

स्टाफरूममध्ये आम्ही त्या खोलीला कांद्याची चाळ म्हणायचो. नाव मीच पाडलं होतं. "मॅडम, आज भाव काय निघाला?" मी विचारायचो. त्या म्हणायच्या, "अजून लिलाव व्हायचाय सर. तुम्ही या की बोली लावायला." सगळे हसायचे, आणि हसू माझ्याकडून त्यांच्याकडे कधी गेलं ते मला कळायचंही नाही.

एकदा त्या माझ्याकडे ट्यूनिंग फोर्क मागायला आल्या. ध्वनी हा माझा धडा. सहा फोर्कचा संच माझ्या कपाटात, मखमलीच्या पेटीत. मी म्हणालो, "स्टॉक रजिस्टरला आहेत मॅडम. कपाटाबाहेर देता येत नाहीत." हे खरं नव्हतं. त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "बरं, बघू या," आणि गेल्या. मोबाइलवर बारीक-जाड आवाज काढायची सोय त्यांनी शोधून काढली. एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना भेटून त्यांच्या मशीनवर तो मोबाइल पडताळून घेतला. माझे फोर्क मखमलीतच राहिले. ती पेटी उघडली की मला अजून लाज वाटते, म्हणून उघडत नाही.

दर रविवारी अंबडचे कामगार यायचे. आधी साक्षी-आफरीनचे वडील, मग त्यांचे दोस्त. माणूस पाठमोरा बसायचा, कानाला हेडफोन. आवाज ऐकू आला की हात वर करायचा. पोरी वहीत नोंदवायच्या. मॅडमचा वहीबाबत एकच नियम होता. चुकलं तर एका रेघेने खोडायचं, पण खालचं वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं नाही. खोडलेल्याच्या शेजारी का खोडलं ते लिहायचं. त्या वह्या इतक्या खोडलेल्या होत्या की मी एकदा मुख्याध्यापकांना म्हणालो, "परीक्षक बघतील तर हसतील."

पोरींना जे सापडलं ते साधं होतं आणि भयंकर होतं. कारखान्यातला माणूस आधी बारीक, पातळ आवाज गमावतो. गप्पा, हॉर्न, टीव्ही चालू राहतात, त्यामुळे त्याला काही गेल्याचं कळत नाही. आफरीनने अहवालात एक वाक्य लिहिलं होतं: 'अब्बूंना माझा आवाज येतो, माझ्या धाकट्या बहिणीचा येत नाही, आणि त्यांना वाटतं ती गप्प स्वभावाची आहे.' डॉक्टरांनी ते वाचून पोरींना खुर्चीवर बसवलं म्हणे, समोरच्या रुग्णाच्या नव्हे, स्वतःच्या शेजारच्या. पोरींनी घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी बसवली. बायकोने, मुलाने करायची. कोणाला डॉक्टरकडे न्यायचं ते त्यातून कळावं.

अहवाल संस्थेकडे गेला. निवड झाली. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी माझा पेढा न खाता ढालींच्या मागे ठेवून दिला.

खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहितो. हे वाक्य मी तीनदा खोडलं. मॅडम फोन उचलताना मोकळ्या आवाजात 'जयभीम' म्हणायच्या आणि माझ्या कपाळावर बारीकशी आठी पडायची. मी निफाडकडच्या शेतकरी घरातला. आमच्या घरात कोणी कोणाला तोंडावर वाईट बोललेलं मला आठवत नाही. पण कोणी कोणाच्या पुढे जायचं, याचा एक न बोललेला क्रम मात्र घरात होता. माझ्या जळण्यात तो क्रमही होता. ढालींचं दुःख मी स्वतःला कबूल करायचो, हे करत नव्हतो.

आता एका रविवारचं. निवडीच्या तीन-चार महिने आधीचा. मी उत्तरपत्रिका न्यायला शाळेत गेलो होतो, मागच्या फाटकाने. गोणपाटाच्या खोलीच्या खिडकीची झडप उघडी होती. आत तीन कामगार, मॅडम आणि पाण्याचा जग घेऊन नामदेव. पोरी नव्हत्या. आफरीनला ताप, साक्षी लग्नाला. माणसं सुट्टीचा दिवस मोडून आलेली, त्यांना परत कसं पाठवायचं, म्हणून मॅडम स्वतःच मोजणी घेत होत्या. मला कोणी पाहिलं नाही. मी पत्रिका घेतल्या आणि निघालो.

निवड जाहीर झाल्यावर मी सातपूरला एका टायपिंगवाल्याकडे गेलो. संस्थेच्या नावे पत्र. 'अमुक शाळेच्या विद्यार्थिनींचे संशोधन त्यांचे नसून शिक्षिकेचे आहे. मुली गैरहजर असताना शिक्षिका स्वतः नोंदी घेतात, हे प्रत्यक्ष पाहिले आहे.' खाली, एक हितचिंतक. टायपिंगवाला पोरगेला होता. त्याने विचारलं, "काका, नाव टाकू?" मी म्हणालो, "नको."

संस्थेचे दोन डॉक्टर चौकशीला आले. दोघींना वेगवेगळं बसवून दोन तास प्रश्न विचारले. आफरीन बाहेर आली ती थेट मॅडमकडे. "मॅडम, आम्ही चोरी केलीय का?" मी चार पावलांवर होतो. मॅडमनी तिच्या डोक्यावर आपला तो निळा हात ठेवला आणि म्हणाल्या, "वही दाखवलीस ना? मग झालं."

वहीत सगळं होतं. त्या रविवारच्या तीन नोंदी मॅडमच्या अक्षरात, एका रेघेने खोडलेल्या, शेजारी साक्षीच्या अक्षरात: 'आम्ही हजर नव्हतो, म्हणून हे धरलेले नाही.' डॉक्टरांनी वाचून वही मिटली. पोरी सुटल्या.

मग मुख्याध्यापकांच्या खोलीत ते पत्र टेबलावर आलं. मॅडम, मुख्याध्यापक आणि मी. मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा पडला, पण रागाने नाही. काहीतरी हिशेब जुळत नसावा तसा. हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी नव्हत्या त्या रविवारी शाळेतली माणसं म्हणजे मी आणि नामदेवभाऊ, दोघंच होतो."

मी समोर बसलो होतो. 'मीही होतो' एवढे दोन शब्द. मुख्याध्यापक म्हणाले, "ही शिपाई-परिचर माणसं अशीच असतात मॅडम, चहापाण्याला कोणी दिले असतील पैसे." मॅडम काही बोलल्या नाहीत. मी पण नाही.

गौरव समारंभ गंगापूर रोडच्या एका सभागृहात झाला. पोरींचा सन्मान कायम होता, पण वाद नको म्हणून संस्थेने त्या वर्षी आमच्या प्रकल्पापुरता मार्गदर्शकाचा सत्कार गाळला. निवेदिका म्हणाली, "शाळेच्या वतीने ढाल स्वीकारण्यासाठी विज्ञान विभागप्रमुख श्री. बोराडे सर." मी गेलो. शाल घेतली, नारळ घेतला, ढाल घेतली. समोर सातव्या-आठव्या रांगेत मॅडम दोघींच्या आयांच्या मधे बसलेल्या दिसल्या.

साक्षीला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने कागद उघडला, मग मिटला. "पगारे मॅडम, तुम्ही उभ्या राहा ना," ती माइकमधून म्हणाली, घरी हाक मारावी तशी. मॅडमनी मान हलवली, नाही. साक्षी तशीच थांबून राहिली. सभागृहात कुजबुज सुरू झाली, निवेदिका पुढे सरकली. तेव्हा साक्षीचे वडील उठले. त्यांना माइकवरचं ऐकू गेलं असेल की नाही कोण जाणे, त्यांनी पोरीचा चेहरा वाचला असावा. ते मॅडमच्या रांगेपाशी गेले आणि हात जोडून उभे राहिले. मग मॅडमना उभं राहावंच लागलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. मला टाळ्या वाजवता येत नव्हत्या, दोन्ही हातांत ढाल होती. खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला वाईट वाटलं नाही. मनात आलं, माझ्यासाठी कोणा मुलाचा बाप असा कधी उठला नाही.

वाईट वाटायला लागलं ते नंतर, आणि नामदेवमुळे.

मॅडम त्याच्यावर ओरडल्या नाहीत, त्याची तक्रार केली नाही. त्यांनी फक्त त्याच्याशी अहिराणी बोलणं थांबवलं. "नामदेव, कृपया स्लाइड्स पुसून ठेवा." असं शुद्ध, पुस्तकी. चारच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या पायरीवर दोघांचा चहा व्हायचा, तो बंद झाला. नामदेव आधी त्यांना हाका मारत राहिला, ताई, ओ ताई. मग मॅडम म्हणू लागला. आठेक महिन्यांनी तो माझ्याकडे आला. हातात बीकर, उगीच पुसत होता.

"सर, तुम्ही मोठे आहात म्हणून विचारतो. ताईंना माझं काय डाचलंय? माझं काही चुकलं असलं तर मी पाय धरतो."

"अरे, त्यांचा स्वभावच आहे तसा," मी म्हणालो. "मनावर घेऊ नको."

"नाही हो सर. स्वभाव तसा नाही ताईंचा," तो म्हणाला आणि बीकर घेऊन गेला. माझी बाजू घेण्याऐवजी त्याने त्यांचीच घेतली, त्या बोलत नसताना.

पत्र लिहिलं तेव्हा मला एकच माणूस खाली ओढायचा होता. हा दुसरा माझ्या गणितात नव्हता. त्यानंतर शाळेच्या पायरीवर एकटा चहा पिणारा नामदेव मला रोज दिसायचा, आणि रोज मी दुसऱ्या जिन्याने वर जायचो.

पुढच्या मे महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. मैदानात मंडप, खुर्च्या, भाषणं. मला बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि 'अतिशय कष्टाळू' एवढं म्हणून खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, सरांना भरून आलं.

कार्यक्रम संपल्यावर मॅडम प्रयोगशाळेत पिशवी घ्यायला आल्या. खांद्यावर निरोपाची शाल, हातात गुच्छ. मी त्यांच्या मागून गेलो आणि दार ओढून घेतलं. "मॅडम, ते पत्र मी लिहिलं होतं."

त्या पिशवीत वह्या भरत होत्या. हात थांबले.

"कोणतं पत्र?" म्हणाल्या. मग त्यांना कळलं. मी कितीतरी रात्री योजून ठेवलेलं सगळं बोललो. मागचं फाटक, झडप, सातपूरचा टायपिंगवाला, ढाली, घरातला तो क्रम. मी रडत होतो असं मला वाटतं. त्यांनी मधे एकदाच विचारलं.

"म्हणजे नामदेवभाऊने कोणाला काही सांगितलं नव्हतं?"

"नाही. त्याला पत्राचंही माहीत नाही."

"दीड वर्ष," त्या म्हणाल्या. ते मला उद्देशून नव्हतं. "तो दीड वर्ष मला विचारत होता, ताई काय झालं. आणि मी..."

"मॅडम, मला..."

पण त्या ऐकत नव्हत्या. गुच्छ टेबलावर पडला, पिशवी उघडीच राहिली. मी दाराला पाठ लावून उभा होतो. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, जसं वाटेतली खुर्ची सरकवावी, आणि बाहेर पडल्या. माफी, शिव्या, काहीच मिळालं नाही. मी त्यांना मोठ्या धीराने जे आणून दिलं होतं, त्यातलं माझं त्यांनी माझ्यापाशीच ठेवलं आणि नामदेवचं तेवढं घेऊन गेल्या.

मी खिडकीशी गेलो. भर दुपारचं मैदान. नामदेव मंडपातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून, आठ-दहांची चळत पोटाशी धरून गोडाउनकडे निघाला होता. मॅडम त्याच्या मागे जवळजवळ धावत होत्या, शाल खांद्यावरून घसरून मातीत फरफटत होती. त्यांनी हाक मारली असावी, कारण तो चळतीसकट वळला. त्या बोलत राहिल्या, हातवारे नाही, मान खाली. तो ओझं खाली ठेवायचंही विसरला होता. मग त्याने खुर्च्या जमिनीवर टेकवल्या, वाकून ती शाल उचलली, झटकली, घडी करून आपल्या खांद्यावर टाकली. मॅडमनी चळतीतल्या वरच्या चार खुर्च्या काढून घेतल्या. नामदेव नको नको म्हणत असावा. त्यांनी दिल्या नाहीत. दोघं उरलेल्या खुर्च्या वाटून घेऊन गोडाउनच्या दारात दिसेनासे झाले, परत आले, पुन्हा गेले. सगळा मंडप रिकामा होईपर्यंत मी तिथे उभा होतो. खिडकीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.